चहाची पेनल्टी

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कोल्हापूरकराइतका भित्रा माणूस अख्ख्या इलिनॉय राज्यात आजवर राहायला आलेला नसेल. कोल्हापूरचा माणूस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे काही येतं, ते सगळं त्याच्याकडे होतं: भरदार मिशी, कमावलेली छाती, तांबड्या रश्श्याला शोभेल असा आवाज. फक्त आतला माणूस दुसराच कुणीतरी बसवलेला होता. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या शेजारी आमचं हे उपनगर. इथे दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाच्या इशाऱ्याचे भोंगे वाजवून बघतात. हे त्याला सात वर्षं ठाऊक होतं, कॅलेंडरवर त्याने स्वतःच लाल खुणा केल्या होत्या, आणि तरी भोंगा झाला की तो ऑफिसची मीटिंग तशीच टाकून तळघरात जायचा. "टेस्टिंगच असतंय मर्दा, पण नेमकं त्याच दिवशी खरं वादळ आलं तर कळणार कसं?" पुढेपुढे तर मीही पहिल्या मंगळवारी दहा वाजता उगाच खिडकीतून आभाळ बघायला लागलो.

पोस्टाची पेटी तो एकटा उघडत नसे. मला खाली बोलवायचा, मी किल्ली फिरवायची, आणि सरकारी शिक्क्याचं पाकीट नाही असं मी मोठ्याने सांगितलं की मगच तो डोळे उघडायचा. व्हिसाच्या कागदांच्या छायाप्रतींची एक जाड फाइल कायम त्याच्या काखेत असे. दूध आणायला जातानासुद्धा. आम्ही हसायचो. गेल्या एक-दोन वर्षांत मात्र रस्त्यात अडवून कागद मागण्याच्या बातम्या येऊ लागल्यावर आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्यांमध्ये तशाच फायली येऊन बसल्या आणि मग हसणं जरा कमी झालं. माझी फाइल निळी आहे.

त्याची सर्वांत नामी खोड म्हणजे कुणी न विचारता सगळं कबूल करून टाकणं. वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा परत करताना तो काउंटरवरच्या बाईंना आधी कारणं सांगायचा, मग त्यांची माफी मागायचा, आणि शेवटी पुस्तकावर पडलेला आमटीचा ठिपका दाखवायचा. एकदा गावाहून येताना त्याने हलगी आणली. शिकागोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने नुसतं "वेलकम बॅक" म्हटलं, तर हा म्हणाला, "सर, माझ्या बॅगेत कातडं आहे." दीड तास बसवून ठेवलं त्याला. शेवटी हलगी वाजवून दाखवल्यावर सोडलं. मी विचारलं, "कशाला सांगितलंस?" तर म्हणाला, "मागनं सापडलं असतं तर?" मागनं सापडण्याची भीती हीच त्याची मुख्य भीती, बाकीच्या सगळ्या तिची पोरंबाळं.

ही हलगी आणली ती फुटबॉलसाठी. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात आणि त्यांच्या सामन्यांना अख्खं गाव लोटतं, हे मला त्याच्याकडून कळलं. आमच्या गावातही एक छोटा व्यावसायिक संघ होता. खालच्या लीगमधला, फारसा न जिंकणारा. मैदान गावाच्या मालकीचं, संघ एका मालकाचा. दर शनिवारी दुपारी हा गृहस्थ गळ्यात हिरवा मफलर, कमरेला हलगी आणि काखेत फाइल अशा थाटात पूर्वेकडच्या स्टँडमध्ये उभा राहायचा. तिथले गोरे पेन्शनर, मेक्सिकन सुतार, शाळेतल्या बाया, सगळे त्याच्या हलगीवर टाळ्या धरायचे. त्याचं नाव त्यांना नीट उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्याला "ड्रम" म्हणत. भीती तिथेही होतीच. आपला संघ एका गोलने पुढे असला की त्याचा चेहरा पांढरा पडायचा. "मागं असलं की बरं असतंय," तो म्हणायचा, "गमवायला काही नसतंय."

आणि मग एके दिवशी बातमी आली, की मालक संघ उचलून दुसऱ्या राज्यात नेणार.

कोल्हापूरकराला हे समजेचना. "संघ नेणार म्हंजे? तालीम कुणी ट्रकात घालून नेतंय व्हय?" त्याला समजावून सांगावं लागलं, की इथे संघ मालकाचा असतो, तो त्याला विकता येतो, हलवता येतो, रंगही बदलता येतो, आणि प्रेक्षकांना कुणी विचारत नाही. त्या रात्री तो जेवला नाही. पण पाठीराख्यांच्या मंडळाला एक वाट सापडली होती. तो मोसम खेळायला मालकाला हेच मैदान लागणार होतं आणि त्याचा करार गावाच्या पंचायतीशी नव्याने व्हायचा होता. त्यात एक अट घालून घ्यायची: मालकाचा नाही, प्रेक्षकांचा नाही, पंचायतीचाही नाही, असा तिघांचा स्वतंत्र आयोग नेमायचा आणि त्याच्या परवानगीशिवाय संघ हलवता येणार नाही. तिकडे इंग्लंडात लोकांनी वर्षानुवर्षं ओरडून अशी यंत्रणा कायद्याने आणवली, असं मंडळातली माणसं सांगत. कोल्हापूरकराने एका वाक्यात सगळं पकडलं. "बाहेरगावचा पंच पाहिजे, एवढंच की!" त्याच्या गावाकडे अटीतटीच्या सामन्याला गल्लीतला पंच चालत नसे.

पंचायतीत सात सभासद. चार आपल्या बाजूचे, तीन मालकाच्या, असा अंदाज होता. सभेत बोलायचं तर एका अर्जावर नाव आणि पत्ता लिहून द्यावा लागे. कोल्हापूरकराच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज तेव्हा अडकलेला होता. वकिलाने सांगितलं होतं, कुठे सही करू नका, कुठे उभे राहू नका. माझंही ग्रीन कार्डाचं भिजत घोंगडं होतंच. तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, की सभेला जायचं, मागच्या रांगेत दाराजवळ बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

सभेच्या आदल्या रविवारी तो माझ्याकडे सामना बघत बसला होता. बाहेर मरणाची थंडी. दारावरची घंटा वाजली आणि सवयीप्रमाणे तो सोफ्यामागे गेला. दारात होते पंचायतीचे एक सभासद. निवृत्त शिक्षक, सत्तरीचे, कानटोपी घातलेले. मतदानाआधी लोकांचं म्हणणं ऐकायला ते घरोघर फिरत होते. बायको म्हणाली, "अगंबाई, या थंडीत! आत या." मराठी घरात थंडीत आलेल्या म्हाताऱ्याला जे मिळतं ते त्यांना मिळालं: आलं घातलेला चहा, दोन कप, चार चकल्या, आणि निघताना "मिसेससाठी" म्हणून डबाभर चिवडा. जाता जाता ते हळूच म्हणाले, "काळजी करू नका, माझं मत तुमच्याच बाजूने आहे."

मी आनंदाने दार लावून वळलो, तर सोफ्यामागून वर आलेला चेहरा राखेसारखा झाला होता.

"मर्दा, पंच चहा पिला."

मी हसलो. तो हसला नाही. मग त्याने वडलांची गोष्ट सांगितली, जी सात वर्षांत कधी बोलला नव्हता. वडील शाळेत पी.टी.चे मास्तर आणि फुटबॉलचे पंच. मिरज-बेळगावकडे बाहेरगावचा पंच म्हणून त्यांना बोलावणं यायचं. घरची भाकरी बांधून न्यायचे. सामना संपेपर्यंत कुणाच्या हातचं पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा नेम. एकदा एका अंतिम सामन्याच्या सकाळी जुना विद्यार्थी भेटला आणि हात धरून हॉटेलात घेऊन गेला. एक कप चहा. त्या विद्यार्थ्याचा भाऊ त्या दिवशी खेळत होता, हे वडलांना माहीत नव्हतं. शेवटच्या मिनिटाला चेंडू समोरच्या संघातल्या बचावपटूच्या हाताला लागला आणि वडलांनी पेनल्टी दिली. गोल झाला. संध्याकाळपर्यंत चहाची बातमी गावभर.

"पेनल्टी बरोबर होती. मी लायनीला बसलेलो, डोळ्यानं बघितलंय. पण लोक मरेपर्यंत तिला चहाची पेनल्टीच म्हणाले. वडलांनी शिट्टी खुंटीला लावली ती लावलीच. आणि खरं सांगू? शेवटीशेवटी त्यांनाच शंका यायला लागली. दवाखान्यात मला विचारायचे, हात लागला होता न्हवं रं?"

मी म्हणालो, "अरे, पण इथे एक कप चहाला कोण विचारतंय?"

"दोन कप," तो म्हणाला. "आणि डबा."

मंगळवारी संध्याकाळी सातला सभा भरली. हॉल हिरव्या मफलरांनी भरलेला, पुढे मालकाचा वकील फायली लावून बसलेला. आम्ही ठरल्याप्रमाणे दाराजवळ. दारात उभ्या असलेल्या पोलिसाकडे मी मुद्दाम बघत नव्हतो. आणि अचानक शेजारची खुर्ची रिकामी झाली. मी त्याचं जाकीट धरलं, ते सुटलं. तो टेबलापाशी जाऊन अर्ज भरत होता. नाव. पत्ता. मग तो माइकसमोर उभा राहिला.

"मला हा संघ हवा आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "मला स्वतंत्र पंच हवा आहे. म्हणून सांगतो. रविवारी या सभासदांनी माझ्या घरी चहा घेतला. दोन कप. चकल्या चार. चिवड्याचा डबा अजून त्यांच्याकडे आहे. उद्या हे कुणी दुसऱ्याने शोधून काढलं, तर आपल्या पंचावर कुणाचा विश्वास राहणार नाही. आपलासुद्धा." मग "सॉरी" म्हणून तो तिथेच उभा राहिला.

पुढच्या रांगेतून कण्हल्यासारखा आवाज आला. मी मात्र दोनच शब्दांपाशी अडकलो होतो. माझ्या घरी. चहा माझ्या घरी झाला होता, माझ्या बायकोने केला होता, माझ्या कपातून. तो भित्रा माणूस त्या हॉलमध्ये माझ्यासाठी खोटं बोलला होता. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या माहितीत. मी उठून एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. मी उठलो नाही.

म्हातारे सभासद लाल झाले, उभे राहिले, "हे खरं आहे" म्हणाले, आणि मतदानातून बाजूला झाले. तीन विरुद्ध तीन. ठराव पडला.

मोसम संपल्यावर संघ गेला. शेवटच्या सामन्यात कोल्हापूरकर एका टोकाला एकटाच उभा होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. उत्तरार्धात एक म्हातारी बाई पायऱ्या चढत त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "ड्रम, वाजव आता." तो वाजवू लागला आणि शिट्टी झाल्यावरही थांबेना. त्याचा व्हिसा गुपचूप मंजूर होऊन आला. पाकीट मीच उघडलं. वसंतात कंपनीने त्याला कॅलिफोर्नियात सांता क्लाराला पाठवलं. निघताना "तिकडं भूकंप होतात म्हणं," एवढंच म्हणाला. त्या चहाबद्दल तो कधी बोलला नाही आणि मीही नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा घंटा वाजली. रिकाम्या मैदानावर आता नवा मालक नवा संघ आणतोय, आणि करार करण्याआधी तो स्वतंत्र आयोगाचा ठराव पुन्हा पंचायतीपुढे आलाय. दारात तीच कानटोपी, हातात आमचा रिकामा, धुतलेला डबा. बायकोने आतून विचारलं, "चहा ठेवू का?" मी म्हणालो, "नको." आणि मग त्या म्हाताऱ्याला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवून मी सांगितलं, की तो चहा माझ्या घरचा होता.

ते म्हणाले, "मला माहीत आहे. जिने मी चढलो होतो." मग डबा माझ्या हातात देत म्हणाले, "तुमच्या मित्राला एवढंच सांगा, चकल्या पाच होत्या."

मी लगेच सांता क्लाराला फोन लावला. सगळं त्याने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "चहा दिला न्हाईस न्हवं?"

"नाही."

"पाणी?"

"तेही नाही."

"मर्दा, पाणी चालतंय की! एवढ्या थंडीत म्हाताऱ्याला तसाच घालवलास?"

मी ग्लास घेऊन खाली धावलो, पण ते कोपऱ्यावरून वळून गेले होते. बर्फात थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

उद्या संध्याकाळी सभा आहे. माझं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही आणि आज सकाळपासून मला दोनदा उलटी झाली आहे. अर्ज मात्र भरून ठेवलाय. अक्षर वेडंवाकडं आलंय. पण पत्त्याच्या रकान्यात वरच्या मजल्याचा नंबर नीट वाचता येतो.