पाणी सावकाश निवतं

आमच्या भावोजींइतका गार चहा पिणारा माणूस अख्ख्या वसईत नव्हता. महायुद्धाचे दिवस, साखर रेशनची; पण समोर आलेल्या कपात ते आधी थर्मामीटर बुडवून बसायचे, आणि पारा पुरता उतरल्यावरच चहा तोंडाला लावायचे. थोरल्या ताईचे हे यजमान शाळेत शास्त्र शिकवत. कुठली वस्तू किती उष्णता घेते आणि किती वेळात निवते, याखेरीज त्यांना कशातच रस दिसत नसे. ताईचा भात चुलीवरून उतरवून ते तिथे लोखंडी वजन तापवत, मग तेवढ्याच भाराचं पाणी. पाहुण्यांना सांगत, "लोखंड झटकन तापतं, झटकन निवतं. पाण्याला कितीतरी जास्त उष्णता लागते, पण घेतलेली ते सहजी सोडत नाही. हिलाच विशिष्ट उष्णता म्हणतात." एकदा भर दुपारी ते अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एक पाय वाळूत आणि एक पाण्यात ठेवून उभे होते. जवळा वाळत घालणारी बाई म्हणाली, "मास्तर, वालू भाजते नि पानी थंड, ह्ये आमाला ठावं हाय. तुमी कशाला पाय भाजून घेताव?"

"ऊन दोघांवर सारखंच पडतंय, म्हणून," भावोजी गंभीरपणे म्हणाले. ती पुन्हा जवळा पसरू लागली.

आम्ही सगळे हसायचो. ताई हसत नसे. एकदा तिनं मला कारण सांगितलं. तिचा पहिला मुलगा पौषातल्या थंडीत, दिवस भरायच्या आधीच जन्मला होता. तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीशी ठेवली होती. पहाटेपर्यंत वीट गार पडली, आणि बाळही.

"हा धडा ते आधीपासूनच शिकवत होते रे," ताई म्हणाली. "घरात वेळेवर आठवला नाही, एवढंच त्यांना खुपतं."

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, तीही लवकरच, आणि पुन्हा थंडीतच. होळी गावची ख्रिस्ती सुईण, जिला सगळे मावशी म्हणत, तिनं विटा तापवायला सांगितल्या. भावोजी दारातच उभे होते.

"वीट नको, मावशी. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवू."

"मास्तर, ही शाला नाय."

"नाही ना. म्हणूनच सांगतोय."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण मावशी स्वतःच बाटल्यांना फडकी गुंडाळू लागली. भावोजी शाळेत गेले नाहीत. पाणी तापवायचं, बाटली भरायची, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहायची आणि मग आत द्यायची, एवढंच त्यांचं चाललं होतं. मी विहिरीवरून पाणी आणून देत होतो.

पाचवीच्या दिवशी पोरीनं खणखणीत टाहो फोडला. मावशीनं छातीवर क्रुसाची खूण केली.

"जगली तुमची पोर, मास्तर."

बाटल्यांनी जगली की मावशीच्या हातांनी, ते मला सांगता येणार नाही. भावोजी मागच्या केळीच्या बागेत निघून गेले. मी कळशी घेऊन विहिरीकडे गेलो, तर ते पाटाच्या कडेला बसून रडत होते. मला वाटलं, आनंदानं. जवळ गेल्यावर ऐकू आलं, ते एका मुलाचं नाव घेऊन हळूच हाक मारत होते; त्या नावाचं घरात कुणी नव्हतं. बारशापर्यंतही न पोचलेल्या त्या पहिल्या मुलाचं नाव त्यांनी मनाशी ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

ते नाव मी ताईलाही कधी सांगितलं नाही.