विकतचा बॉक्स

सरावलीला आमच्याकडे डिश बसवायला, दुरुस्त करायला डिशवाला चिंचणीहून यायचा. चपला दाराबाहेर काढायचा, आईला काकू म्हणायचा आणि प्रत्येक गोष्ट सावकाश समजावून सांगायचा. एचडी बॉक्स भाड्याने घ्यावा की विकत, असं आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "विकतच घ्या काकू. भाड्याचा कदी आपला होत नाय." आईने ऐकलं.

दोन वर्षांनी कंपनीने एचडीची नवी पद्धत आणली. शेजाऱ्यांचे भाड्याचे बॉक्स फुकट बदलून मिळाले. आमच्या बॉक्सवर चित्रच येईना. तो येऊन बघून गेला. "आता नवीन घ्यावा लागेल," म्हणाला आणि जाताना टेस्टर विसरला.

टेस्टर द्यायला मी त्याच्या घरी गेलो. टीव्हीखाली भाड्याचा बॉक्स होता, वर तसं छापलेलं कंपनीचं स्टिकर. मी ते वाचलेलं त्याने पाहिलं.

"विकला तरच मला कमिशन मिळतं," तो तितक्याच सावकाश म्हणाला. "काकू बऱ्या हायत ना?"

मी टेस्टर ठेवून निघालो.

"भेटला का?" आईने विचारलं. "भेटला," मी म्हणालो.

"नवा बॉक्स त्याच्याकडूनच घेऊ," ती म्हणाली. "माणूस फसवणारा नाही."