अपेक्षाचा गाल

जागृती तशी भांडकुदळ नव्हती, पण लेकीच्या गालाकडे कुणी टक लावून पाहिलं की तिचं डोकं फिरे. आखातात ते राहत त्या हूरा वस्तीतल्या एका दुकानात कुणा बाईनं, पोरीला मारलंस का, असं विचारलं, तेव्हा तिनं हातातलं दही तिच्या पायाशी आपटलं होतं.

अपेक्षा जन्मली तेव्हा गाल स्वच्छ होता. पंधरवड्यात लाल ठिपका उमटला आणि तिसऱ्या महिन्यात त्याची बोराएवढी गाठ झाली. डॉक्टर ताहेरांनी समजावलं, की तिथे बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी भराभर वाढताहेत, कॅन्सर नाही. वर्षभर वाढेल, मग रक्तवाहिन्या आटतील, त्यांच्या जागी चरबी येईल आणि गाठ आपोआप जिरेल. तोवर औषध द्या, रक्त आलं तर घट्ट दाबून धरा. जागृतीनं ते मनाशी पक्कं धरलं. तिच्या नवऱ्याला, किसनला, मात्र थांबणं ठाऊकच नव्हतं. एसीचा मेकॅनिक तो. बिघाड दिसला की उघडायचा.

त्यात वर्ध्याहून सासू आली, लीलाबाई, पिशवीत बिब्बे घेऊन. सुईला टोचून तापवलेल्या बिब्ब्याचं तेल लावलं की मस, चामखीळ सगळं जळून जातं, ही तिची खात्री. जागृतीनं बिब्बे कचऱ्यात फेकले. सासूनं ते पुन्हा उचलले.

शुक्रवारी जागृती बाथरूममध्ये असताना किसननं बाहेरून कडी घातली. लेकीची किंकाळी ऐकताच तिनं धडका देऊन कडी उखडली. किसननं पोरीचं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं, सासूची सुई गालावर होती आणि रक्त वाहत होतं. जागृतीनं सासूला अंबाड्याला धरून भिंतीवर ढकललं. ओट्यावरचा तवा उचलून किसनच्या खांद्यात घातला. लग्नापासून अहो म्हणणारी ती ओरडली, "सोड तिला किसन्या, नाहीतर मुडदा पाडीन तुझा!"

पोरीला उचलून, ओढणीनं तिचा गाल दाबून ती अनवाणीच दवाखान्यासाठी टॅक्सीत बसली.

त्याच आठवड्यात लीलाबाई परत गेली. किसनला जागृतीनं घरात ठेवलं, पण माफ केलं नाही.

आता अपेक्षा पाच वर्षांची आहे. गाठ खरंच जिरली; कातडी जरा सैल आहे, एवढंच. बिब्ब्याचा काळा, आक्रसलेला व्रण मात्र राहिला, आणि तो जाणार नाही. परवा बापाच्या मांडीवर बसून तिनं इंग्रजीत विचारलं, हे कशानं झालं. तू पडली होतीस, किसन म्हणाला.

"खोटं सांगू नका," जागृती म्हणाली. "तुम्ही धरलंत आणि आईंनी जाळलं. सांगा तिला."

किसननं मान खाली घातली. अपेक्षानं गालावर हात ठेवला आणि ती त्याच्या मांडीवरून उतरली.