गार यंत्राचा सूर

कानवाल्यांचं खरं नाव बिलावर छापलेलं असायचं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. जुने सिंथेसायझर दुरुस्त करणारा गावात हा एकच माणूस. कान असा तिखट, की सूर केसभर ढळला तरी चेहरा आंबट व्हायचा. लग्न करायचं राहूनच गेलं होतं आणि एकुलती बहीण लांब देशी होती.

एवढा कान असूनही गावातल्या मास्तरीणबाईंचं सिंथेसायझर तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा कानवाल्यांना ते फार लागलं. दुकानात तासन्‌तास सुरात राहणारं यंत्र बाईंच्या घरी पोचलं की बिनसायचं. कानवाल्यांनी वीजपुरवठा तपासला, जुने कपॅसिटर बदलले, पट्ट्यांखालचे संपर्क पुसले. ढिम्म फरक नाही.

"आता नाही जमलं तर भाचा भंगारात देणार आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या यजमानांचं एवढंच राहिलंय हो घरात."

शेवटी कानवाले स्वतःच यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. मागच्या गार खोलीत मांडून दिलं आणि म्हणाले, "रोज वाजवता तसं वाजवा. मी नुसता ऐकतो."

बाईंनी बटण दाबलं आणि लगेच वाजवायला घेतलं. सूर सुरुवातीपासूनच चुकीचा, वर हळूहळू सरकतही होता. "बघा, हे असं!" म्हणत त्या वैतागून बटण बंद करायला गेल्या.

कानवाल्यांनी कपाळाला हात लावला. "थांबा, बंद नका करू! अर्धा तास तापू द्या त्याला. आतले भाग गरम झाले की मग सूर टिकतो. मी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे म्हणून यजमान बटण दाबून स्वयंपाकघरात येऊन बसायचे होय! आणि मी वेडी समजत होते, माझ्यासाठी येतात."

कानवाल्यांना असल्या बोलण्याची सवय नव्हती. जरा चाचरतच ते म्हणाले, "अर्धा तास कुठंही काढता येतो, बाई. ते तुमच्यापाशी काढायचे."

बाईंनी डोळे पुसले आणि चहा टाकायला उठल्या. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग त्यांनी पुन्हा पट्ट्यांवर बोटं ठेवली. सूर लागला तो हललाच नाही. बाईंना इतका आनंद झाला की त्यांना थट्टा सुचली.

"एवढा तुमचा कान, आणि दुकानात कसं नाही हो लक्षात आलं?"

"माझ्याकडे ते गार होतच नाही. दुकानातच राहतो मी. सगळी यंत्रं चालूच असतात."

"रात्रीसुद्धा? अहो, विजेचं बिल केवढं येत असेल!"

"येतं," कानवाले हत्यारांची पिशवी आवळत म्हणाले. "पण बंद केली की घरात कुणीच नसतं हो."