शैलेंद्र बापटांची पंधरावी कॅन्यन

अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये राहण्याचा एकच तोटा आहे, आणि तो म्हणजे डिसेंबर. तिकडे उत्तरेत ट्रॉयला बर्फ पडायला लागला किंवा रेडमंडचा पाऊस थांबेनासा झाला की तिथल्या मराठी माणसाला ऊन आठवतं. ऊन आठवलं की अ‍ॅरिझोना आठवतं आणि अ‍ॅरिझोना आठवलं की शैलेंद्र बापट आठवतो. मग फोन येतो. "काय रे, विंटर ब्रेकला काय प्लॅन?" शैलेंद्रचा प्लॅन असला तरी तो म्हणतो, "काही नाही, या ना."

मूळचा सांगलीचा हा माणूस अठरा वर्षांपूर्वी चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून आला. या अठरा वर्षांत तो ग्रँड कॅन्यनला चौदा वेळा गेला, आणि त्यातल्या एकाही वेळी स्वतःच्या हौसेनं नाही. कुठल्या पॉइंटवर फोटोत सावली येत नाही, वाटेत कुठलं टॉयलेट स्वच्छ असतं, सगळं त्याला तोंडपाठ. ओळखीपाळखीतली पोरं त्याला 'कॅन्यन काका' म्हणतात, आणि ते त्याला आवडतं असं सगळे समजतात. लोक याला भलेपणा म्हणतात. खरं सांगायचं तर हा शुद्ध भित्रेपणा आहे. समोरच्याचा चेहरा पडलेला या माणसाला बघवत नाही, म्हणून घरच्यांचे चेहरे पडलेले तो बघत राहतो. बायको शरयूनं सहा-सात वर्षं भांडून पाहिलं. मग ती हॉस्पिटलच्या फार्मसीत नाताळची ड्यूटी मागून घ्यायला लागली.

राहता राहिली मुलगी, रुही. वय वर्षं सतरा. पोरीला पक्ष्यांचं वेड. अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेला, विलकॉक्सच्या पुढे, हिवाळ्यात हजारो क्रौंच उतरतात आणि पहाटे सगळे एकदम उडतात, हे तिनं बाराव्या वर्षी कुठंतरी वाचलं होतं. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं: बाबानं आपल्याबरोबर ते बघायला यावं. पाच डिसेंबर आले आणि गेले. प्रत्येक वेळी घरात पाहुणे. येत्या ऑगस्टमध्ये ती कॉलेजसाठी बॉस्टनला जाणार. म्हणून यंदा शैलेंद्रनं शब्द दिला होता, एकोणतीस आणि तीस तारीख फक्त आपल्या दोघांची. रुहीनं विलकॉक्सला खोलीसुद्धा बुक करून टाकली.

सव्वीसला ट्रॉयहून कॉलेजचा मित्र विनय, त्याची बायको मीनाक्षी आणि दोन मुलं आली. सत्तावीसला सेडोनाचे लाल डोंगर झाले. अठ्ठावीसला पहाटे भाड्याच्या मोठ्या व्हॅनमधून सगळे कॅन्यनला निघाले. पोरांना सोबत म्हणून रुहीलाही बसवलं होतं, शेवटच्या रांगेत, कूलर आणि जॅकेटांच्या ढिगाशेजारी.

आणि कॅन्यन दिसलीच नाही. दरी काठोकाठ ढगांनी भरलेली. कठड्यापलीकडे नुसतं पांढरं. हिवाळ्यात कधीतरी असं होतं, पण शैलेंद्रच्या चौदा फेऱ्यांत कधी झालं नव्हतं. तीन तास ते या पॉइंटवरून त्या पॉइंटवर फिरले. मीनाक्षीनं दोनदा विचारलं, "भावजी, दुसरीकडून दिसत असेल ना?" शैलेंद्र माफी मागत राहिला, जणू ढग यानंच सोडले होते.

परतीच्या वाटेवर विनय पुढच्या सीटवर फोन घेऊन बसला. "शैल्या, फोरकास्ट बघ. उद्या एकदम सनी. आज वाटेत फ्लॅगस्टाफला राहू, उद्या परत ट्राय करू. इतक्या लांब येऊन कॅन्यन न बघता जायचं म्हणजे काय यार. हे बघ, इथे दोन रूम्स आहेत. करू बुक?"

शैलेंद्रनं नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. दोन अक्षरी शब्द. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना बर्फाचे पट्टे आणि खुरटी झुडपं, आणि फ्लॅगस्टाफ चाळीस मैलांवर. त्यानं आरशात पाहिलं. रुही त्याच्याकडेच बघत होती.

"बघू," तो म्हणाला.

"बघू काय, दोनच राहिल्यात. तुझं काही होतं का उद्या?"

शैलेंद्रनं उगाच एकदा वायपर फिरवले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"नाही विनयकाका, काही नाही. यू गो अहेड. आम्ही कधीपण जाऊ शकतो." आणि रुही हसली.

ते हसू शैलेंद्रनं ओळखलं. फोनवर 'या ना' म्हणताना तो असाच हसत असे. पाच वर्षं ज्यासाठी ती थांबली होती ते तिनं क्षणात सोडून दिलं, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून. पोरीला आपण दुसरं काही दिलं नसेल, पण हे मात्र दिलं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला भीती वाटली. तीही कुठल्यातरी गावात अशीच गाडी हाकत राहील, दुसऱ्यांसाठी.

"बुक नको करू, विनय," तो म्हणाला. "मला उद्या नाही जमणार. रुहीबरोबर जायचंय. तुम्हाला कॅन्यन बघायची तर उद्या घरून ही व्हॅन घ्या, जाऊन या."

विनयनं फोन खाली ठेवला. "अरे, आधी सांगायचंस ना," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मीनाक्षीनं मुलांना उगाचच नीट बसायला सांगितलं. चँडलर अजून दोनशे मैल होतं, आणि आता उतरून जायची सोय नव्हती.

बऱ्याच वेळानं रुही अगदी हळू म्हणाली, "बाबा, यू डोन्ट हॅव टू. रिअली."

"हॅव टू नाही गं," शैलेंद्र म्हणाला. "मला यायचंय."