आवाज नसलेला व्हिडिओ

सीमाभागातल्या वडगावात मी नवीनच राहायला आलोय. समोरच्या घरात पॉवरलूमवर साड्या विणणाऱ्या माणसाचं नाव मला अजून माहीत नाही. खिडकीच्या गजाला त्यानं मोबाइल बांधलाय आणि त्यावर दिवसभर मुलांना कसं वाढवावं याचे व्हिडिओ चालू असतात.

"एवढ्या खडखडाटात ऐकू काय येतं?" एकदा मी दारातून ओरडून विचारलं.

"कायबी न्हाय!" तोही ओरडला. "नुसतं बघायचं. ती बाई पोरापुढं खाली बसती, डोळ्यांत बघती, मान हलवती. मीबी तसंच करतो."

खरंच करायचा. लेक शाळेतून आली की अंगावरचे धागे झटकून तिच्यापुढं गुडघ्यांवर बसायचा. माग चालूच असायचा. ती कानाशी ओरडून सांगायची, हा गंभीरपणे मान हलवायचा.

परवा मी त्यांच्या दारात उभा होतो, लेक असंच काहीतरी सांगत होती, तेवढ्यात लाईट गेली. सगळी गल्ली गप्प झाली आणि मोबाइलमधल्या बाईचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. मराठी नाही, कन्नड नाही, हिंदीसुद्धा नाही!

"आरं देवा, ही काय बोलतीया गं?" तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

लेक हसता हसता थांबली. "आप्पा, मग माझं तरी तुला ऐकू येतंय काय?"

"लई न्हाय गं," तो ओशाळला. "मान तेवढी हलवतो. आता सांग."

"आज वर्गात मांजर आलतं..." तिनं सुरू केलं.

लाईट आली. गल्लीतले माग एकेक करून खडखडू लागले. त्याचा हात मात्र मागाच्या बटणाकडं गेला नाही. लेकीच्या गोष्टीतलं मांजर अजून शाळेतल्या बाईंच्या टेबलावरच होतं.