चाकापर्यंत पोचलेले सहासष्ट

जबाब देणार : वैजनाथ किशनराव सोळंके, वय ४३, धंदा मोटार शक्तिमापन यंत्रचालक, मूळ जिल्हा परभणी, हल्ली मुक्काम विश्रांतवाडी. बांधा मध्यम, वर्ण सावळा, उजव्या तळव्यास भाजल्याचे जुने डाग. समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की...

डाग कशाचे, ते विचारायची पद्धत नसते.

इंजिनाची ताकद कंपनी सांगते. त्यातली चाकापर्यंत किती पोचते, ते २००४ पासून कात्रजच्या गॅरेजात वैजनाथ सांगायचा. गाडी रोलरवर बांधायची, जागच्या जागी पळवायची, आकडा काढायचा. मग तो चाकांच्या मध्यावर तळहात ठेवून बघायचा. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सॉफ्टवेअर कंपनीतला पुष्कर महिन्याभरापूर्वी जुनी गाडी घेऊन आला. इंजिन चौऱ्याण्णव अश्वशक्तीचं. रोलरवर भरले सहासष्ट.

"बाकीचे अठ्ठावीस कुठे सांडले म्हणायचे?" काचेच्या केबिनमधून पुष्करने विचारलं.

"बघतो ना," म्हणत गॅरेजमालक संपतशेठ बाहेर आले.

"शेठ, गियरपेटीत, टायरात मिळून चौदा-पंधरा सगळ्यांचेच जातात," वैजनाथ हळू आवाजात म्हणाला. "इथं दुप्पट गेलेत. क्लच दाबून इंजिन सोडवलं की रोलर फिरत राहायला हवा, तो लगेच थांबतोय. डावं चाक चटका देतंय. बेअरिंग गेलंय. गाडी ठेवून घ्या."

"ही तिसरी गाडी ठेवून घ्या म्हणतोस. लोक इथे आकडा न्यायला येतात, रोग न्यायला नाही. तू मशीन चालव, गिऱ्हाईक मी चालवतो."

संगणकात वाटेतली घट भरायचा एक रकाना होता. तिथे काहीही भरता येई. शेठनी तीस टक्के भरले. यंत्राने हिशेब उलटा फिरवून इंजिनाचे चौऱ्याण्णव छापले. खाली यंत्रचालकाची सही लागते. वैजनाथने ती केली. त्याच्या आदल्या महिन्यात दोन गाड्या अडवल्यावर शेठनी त्याला दुसरं गॅरेज शोधायला सांगितलं होतं, आणि रोलर असलेलं दुसरं गॅरेज त्याला माहीत नव्हतं.

पुष्कर खुशीत गेला. त्या रविवारी कात्रजचा घाट उतरताना डावं चाक जाम झालं आणि गाडी कठड्यावर गेली. पुष्कर वाचला. शेजारी बसलेली त्याची बायको वल्लरी जागीच गेली. कागद गाडीतच होता, सहीसकट.

चौकीत वैजनाथने चटक्याचं सांगायला सुरुवात केली. हवालदार म्हणाले, "विचारलं तेवढंच बोला." शेठ बाजूच्या खुर्चीत बसले होते. जबाबाचं शेवटचं वाक्य असं : सदर वाहनातील शक्तिघटीची योग्य ती कल्पना वाहनधारकास वेळीच देण्यात आली होती.

वैजनाथ पुष्करला "या साहेब" एवढंच म्हणाला होता.